राठोड सर आणि पोलादाचा कीस

लेथसमोर उकिडवा बसलेला प्राध्यापक मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे प्राध्यापक वर्कशॉपच्या दारापर्यंत यायचे, तिथूनच मुलं मोजायचे आणि परत जायचे. तेलाचा वास कपड्यांना लागतो म्हणे. मी त्या वासात लेथ चालवत सगळी नोकरी काढली. लग्नानंतर बायकोनं सुरुवातीला एकदोनदा नाक मुरडलं, पुढं तिनंही सोडून दिलं.

राठोड सर आमच्या कॉलेजात मेकॅनिकल शाखेला तासिका तत्त्वावर लागले. म्हणजे जेवढे तास शिकवाल तेवढ्यापुरते तुम्ही सर, सुट्टी लागली की कोणी नाही. कॉलेज मेडशीच्या अलीकडे, रस्त्याला लागून. तीन बाजूंना सोयाबीन, चौथ्या बाजूला तूर, आणि मध्ये पिवळ्या रंगाची इमारत. पहिल्याच दिवशी हे गृहस्थ कडक इस्त्रीचा शर्ट घालून थेट वर्कशॉपमध्ये आले आणि मला म्हणाले, "काका, एखादा रॉड फिरवून दाखवता काय? मले कीस पाह्याचा हाय."

मला वाटलं, नवीन माणूस आहे, थट्टा करतोय. लेथवर पोलादाचा रॉड फिरतो, त्याला टूल लागतं आणि पोलादाची साल निघत जाते. तिला आम्ही कीस म्हणतो. संध्याकाळी तो झाडून पिंपात भरायचा, पिंप भरलं की भंगारवाला नेतो. कारागिराची नजर रॉडवर असते, किसाकडे कोण बघतो? पण सर लेथसमोर उकिडवे बसले, मान वाकडी केली, आणि टूलच्या टोकाशी निघणारी निळसर वळी बघत राहिले. मी म्हटलं, "सर, मांगं सरका, डोयात जाईन." त्यांनी हातानंच मला गप्प केलं. मग गरम कीस चिमटीत उचलला. बोटं भाजली तरी टाकला नाही, भाजलेल्या शेंगेसारखा या हातातून त्या हातात उडवत राहिले.

निघताना विचारलं, "हे ईएन-एटच होय ना काका?"

"होय ना सर," मी म्हटलं.

ईएन-एट हे मध्यम कार्बनचं पोलाद. मुलांच्या प्रॅक्टिकलला आम्ही जे साधं, मऊ एमएस वापरतो त्याच्यापेक्षा कडक. त्या दिवशीच्या रॉडपुरतं माझं उत्तर खरं होतं. हा प्रश्न त्यांनी मला सहा वर्षांत तेवढा एकदाच विचारला.

त्यांची पीएच.डी. चालू होती. विषय ऐकून स्टाफरूममध्ये लोक हसायचे, कारण विषय होता कीस. टूल पोलादात शिरतं तेव्हा कीस कसा सुटतो, किती जाड, किती वळणाचा, किती तापलेला, हे सगळं आधीच कॉम्प्युटरवर दाखवायचं. मला त्यांनी ते एकदा खडूनं लेथच्या पत्र्यावर काढून समजावलं. पोलादाचा तुकडा घ्यायचा आणि त्याची बारीक चौकोनांची जाळी करायची. टूल पहिल्या चौकोनाला ढकलतं, तो शेजारच्याला ढकलतो, तो पुढच्याला. प्रत्येक चौकोन किती दबला, किती तापला याचं गणित कॉम्प्युटर मांडत जातो. लेथवर जे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, त्याला त्यांच्या कॉम्प्युटरला दोन दिवस लागायचे. आणि दीड दिवसानंतर बहुतेक वेळा जाळी फाटायची. म्हणजे चौकोन इतके वेडेवाकडे व्हायचे की गणित अडकायचं. मग पुन्हा पहिल्यापासून.

"जाळी फाटली" हे त्यांचं पालुपद होतं. एसटी आली नाही, जाळी फाटली. भाजी खारट झाली, जाळी फाटली. ते मुलगी बघायला गेले आणि मुलीच्या बापानं विचारलं, "पर्मनंट हाय काय?" तेव्हा परत येऊन त्यांनी मला एवढंच सांगितलं, "काका, जाळी फाटली." असं तीनदा झालं. चौथ्यांदा ते बघायला गेलेच नाहीत. पीएच.डी. झाली की संस्था पर्मनंट करणार, असं त्यांना सांगितलेलं होतं. त्यामुळं लग्न, घर, आईबापाचं ऊसतोडीला जाणं बंद करणं, सगळं त्या एका गाठोड्यात बांधून त्यांनी बाजूला ठेवलं होतं.

मेडशीत त्यांची एक खोली होती. मी गेलो होतो तेव्हा भर उन्हाळा होता. खोलीत एक टेबलफॅन, तो कॉम्प्युटरकडे तोंड करून लावलेला, आणि सर बनियनवर घामाघूम. लाइट गेली तर गणित तुटू नये म्हणून ट्रॅक्टरची जुनी बॅटरी इन्व्हर्टरला जोडली होती. मी म्हटलं, "सर, पंखा जरा इकडं फिरवा." ते म्हणाले, "मले काय होते काका, मी तं बसलोच हावो. त्याले गरम होऊन राह्यलं." मी रुमालानं वारा घेत चहा प्यालो आणि निघून आलो.

किसाचे नमुने ठेवायला त्यांनी कुंकवाच्या डब्या आणल्या. आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावच्या बाजारात एका बांगडीवालीकडून एकदम दोनशे प्लास्टिकच्या डब्या घेतल्या. ती म्हणाली, "लगन किती पोरीचं हाय भाऊ?" सर म्हणाले, "दोनशे." ती बाई बघतच राहिली. प्रत्येक डबीवर चिठ्ठी: रॉडचा वेग, कापाची खोली, तारीख. आत एक वळी, कापसावर ठेवलेली. माझ्या लेथवर जी काही कापाकापी झाली तिचा असा संसार त्यांनी सहा वर्षांत मांडला. प्रत्येक डबीतली वळी भिंगाखाली धरायची आणि पडद्यावरच्या वळीशी ताडून बघायची, हे त्यांचं काम. जुळली नाही तर ते कॉम्प्युटरमधला घर्षणाचा आकडा थोडा खालीवर करायचे आणि पुन्हा दोन दिवस वाट बघायचे.

कधीकधी एकाच वेगाला, कापाच्या एकाच खोलीला दोन वेगळ्या वळ्या निघायच्या. एक लांबलचक फितीसारखी, एक तुटक. सर चक्रावून जायचे. मला मात्र आश्चर्य वाटायचं नाही. टूल पोलादात शिरलं की हँडलवरच्या हाताला कळतं, हा रॉड मऊ आहे, हा कडक आहे. पण मला वाटायचं, त्यांचं कॉम्प्युटरचं काम मोठं आहे, त्यात माझ्या हाताचं काय सांगायचं? त्यांनी विचारलं नाही आणि मी बोललो नाही. आता हे लिहितानाही मला त्या गोष्टीचा राग येतो, आणि तो राग त्यांच्यावर काढता येत नाही.

एकदा त्यांनी मला घरी जेवायला नेलं. मानोऱ्याच्या पलीकडे त्यांचा तांडा. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि उन्हाळ्यात परतायचे, तेव्हा ते नुकतेच परतले होते. जेवणं झाल्यावर सरांनी ओसरीत लॅपटॉप उघडला आणि आईला आपलं काम दाखवलं. पडद्यावर निळं पोलाद, त्यात शिरणारं टूल, आणि टोकाशी लाल-पिवळी होत वर चढणारी वळी. म्हातारी डोळे बारीक करून बघत होती.

"एवढं सरकायले किती येळ लागला?" तिनं विचारलं.

"दोन दिस, याडी."

"दोन दिसात मी अर्धा फड खाली करतो."

सर हसले. मग त्यांनी तिला कोयत्याचं उदाहरण देऊन समजावलं. कोयता जसा तिरपा धरला की ऊस सहज तुटतो, तसंच टूलचं, सारा खेळ कोनाचा. म्हातारीला ते पटलं नाही. ती म्हणाली, "कोयता तिरपा धरनं ठीक हाय. पन ऊस कोन्ता हाय थे आंधी पाह्य ना बापा. नवी लागन येगळी, तोडल्यावर फुटलेला खोडवा येगळा. हात तसा धरा लागते."

"हे पोलाद हाय याडी," सर म्हणाले, "याची एकच जात."

मीही हसलो. पोट भरलेलं होतं, सावली होती, आणि मला त्या क्षणी काहीच सुचलं नाही. घरी येताना मोटारसायकलवरसुद्धा नाही.

पाचव्या वर्षी त्यांचं जुळलं. दुपारी तास संपवून ते धावत वर्कशॉपमध्ये आले. हातात दोन कागद. एकावर भिंगाखालच्या वळीचा फोटो, एकावर पडद्यावरची वळी. त्यांनी एक कागद दुसऱ्यावर ठेवून खिडकीच्या उजेडात धरला. वळणावर वळण बसत होतं. एकच नाही, पुष्कळ डब्यांचं बसत होतं. घर्षणाचा एक आकडा त्यांना सापडला होता, ज्यानं बहुतेक वळ्या जवळपास जुळत होत्या. "काका," ते म्हणाले, "आता लिहायचंच राह्यलं." त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्कशॉपला गरम भजे खाऊ घातले. रोज इस्त्री मोडू न देणारा माणूस तेलकट स्टुलावर बसून मुलांबरोबर मिरची चावत होता. त्यांना इतकं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

प्रबंध विद्यापीठाकडे गेला. काही महिन्यांनी तपासनिसांकडून एक साधी विचारणा आली. काम चांगलं आहे, फक्त वापरलेल्या पोलादाचा रासायनिक तपासणीचा अहवाल जोडावा. सरांना त्यात काही विशेष वाटलं नाही. रॅकवर शिल्लक असलेल्या सात रॉडचे तुकडे मी कापून दिले, त्यांनी ते अकोल्याला तपासायला पाठवले. अहवाल दसऱ्यानंतर आठवडाभरानं आला.

ते वर्कशॉपमध्ये आले तेव्हा मी लेथला तेल देत होतो. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. सातपैकी तीन ईएन-एट. तीन साधे एमएस. एक भलतंच काहीतरी.

"काका, हे कसं काय?" आवाज शांत होता.

मी रॅककडे बघितलं. सगळे रॉड एकाच जाडीचे, आडवे रचलेले, आणि प्रत्येकाचं टोक लालभडक. पोलादाच्या दुकानात रॉडच्या टोकाला रंग लावून देतात. पिवळं टोक म्हणजे हे पोलाद, हिरवं म्हणजे ते. ओळखायची तेवढीच खूण असते, अंगावर दुसरं काही लिहिलेलं नसतं. आणि आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा. आदल्या दिवशी लेथ रॉकेलनं पुसायचे, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. त्याच दिवशी रॅकवरच्या सगळ्या रॉडची टोकं लाल तेलरंगानं रंगवायची. रॅक कसा देवघरासारखा दिसतो. प्राचार्य येऊन शाबासकी द्यायचे. मुलांच्या प्रॅक्टिकलला कोणताही रॉड चालतो, म्हणून खालचा रंग कोणता होता याचं कोणाला काही पडलेलं नव्हतं.

"खंडेनवमीले टोकं रंगवतात सर," मी म्हटलं.

"कोन रंगवते?"

"पोरं," मी म्हटलं. "पोरं रंगवतात."

ते खोटं होतं. रंगवायचो मी. ब्रश माझा, डबा माझा, हौस माझी. मुलांच्या हाती ते काम मी कधी दिलंच नाही.

"कधीपासून?"

"मी लागलो तेव्हापासून. दर वर्षी."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला ग्राइंडर चालू करायला सांगितलं. कार्बन जास्त असेल तर ठिणग्या फुटून फुलतात, कमी असेल तर नुसत्या लांब रेघा जातात, हे कोणत्याही टर्नरला माहीत असतं. एकेक तुकडा मी चाकाला लावला, आणि ठिणग्या बघायच्या आधीच हाताच्या अंदाजानं कडक की मऊ ते माझ्या तोंडून निघत गेलं. फुलं, रेघा, रेघा, फुलं. सर भिंतीला पाठ लावून बघत होते. सातवा तुकडा झाल्यावर म्हणाले, "म्हंजे हे तुमाले हातानं समजत होतं."

मी ग्राइंडर बंद केला. त्याचं चाक थांबायला बराच वेळ लागतो, तेवढा वेळ मी चाकाकडे बघत राहिलो.

डब्यांमधला कीस कोणत्या रॉडचा, हे आता सांगता येणार नव्हतं. ते रॉड कधीच संपले होते, आणि एकेका वळीत तपासणीला पुरेल एवढं पोलादही नव्हतं. आणि तो घर्षणाचा आकडा, ज्यानं सगळं जुळलं होतं, तो दोन-तीन जातींच्या पोलादाची सरमिसळ होती. सरांच्या कॉम्प्युटरनं जे पोलाद कापलं होतं, ते जगात कुठेच नव्हतं.

त्यांच्या गाइडनी फोनवर सल्ला दिला. तीन रॉड चांगले निघालेत ना? त्यातल्या एकाचा अहवाल जोडा आणि मोकळे व्हा, कोण बघतं? सरांनी मला ते सांगितलं. मी लगेच म्हटलं, "लावून टाका सर. सारे रॉड एकाच लॉटचे होते म्हनून मी सही देतो." मला ते मनापासून वाटत होतं. माझीही सुटका होणार होती त्यात.

दोन दिवस ते आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "काका, कोनी माह्या आकड्यावर टूल बनवलं तं? थे तुटन. फिरत्या रॉडजवळ मानूस उभा असते."

"कोन बनवून राह्यलं सर तुमच्या आकड्यावर?"

"कोनी नाई," ते म्हणाले. "पन मले आता माहीत हाय ना."

त्यांनी गाइडना खरं काय ते लिहून कळवलं. पीएच.डी.च्या नोंदणीची वाढीव मुदतही पावसाळ्यात संपणार होती. त्यांनी संभाजीनगरहून दाखल्यासकट ईएन-एटचे दोन रॉड मागवले आणि आम्ही पुन्हा कापायला लागलो. या वेळी प्रत्येक वळी निघाली की मी हाताला काय लागलं ते बोलून दाखवायचो आणि ते वहीत उतरवायचे. माझ्या आयुष्यातलं तेवढं मन लावून केलेलं काम दुसरं नाही. पण त्यांचं गणित त्या खऱ्या किसाशी कुठेच जुळेना. पडद्यावरची वळी जाड यायची, लेथवरची पातळ. आकडा बदलायचा, दोन दिवस थांबायचं, जाळी फाटायची, पुन्हा थांबायचं. एका सकाळी त्यांनी वर्कशॉपच्या फळ्यावर उरलेले दिवस लिहिले, त्यांना दोननं भागलं, आणि आलेल्या आकड्याकडे बघत उभे राहिले. मग फळा पुसला आणि तासाला गेले.

मुदत संपली. नोंदणी रद्द झाल्याचं पत्र त्यांनी मला दाखवलं नाही, मला क्लार्ककडून कळलं. पुढच्या वर्षी मेकॅनिकलला चारच मुलं आली आणि संस्थेनं शाखाच बंद केली. लेथ ताडपत्रीखाली गेले. सर कॉलेज सोडून कधी गेले ते मला नेमकं आठवतही नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला निरोप समारंभ नसतो. त्यांच्या डब्या कपाटात तशाच होत्या. नंतर ते कपाट दुसऱ्या शाखेला दिलं तेव्हा कोणीतरी त्या भंगारात टाकल्या असतील. मी विचारायला गेलो नाही. मीही त्याच सुमारास निवृत्त झालो.

मागच्या नोव्हेंबरात मानोऱ्याला मुलीकडे होतो. पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायचा होता. जावई म्हणाले, स्टँडजवळ एक ऑनलाइन फॉर्म भरून देणारं दुकान आहे, तिथं गर्दी असते पण काम नीट होतं. मी गेलो. काचेवर कागद चिकटवलेले, पीकविमा, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला. आत बाकावर दहाबारा माणसं, आणि खुर्चीत राठोड सर. शर्टाला इस्त्री होती. केस बरेच गेले होते.

"या काका," काल भेटल्यासारखे ते म्हणाले. "बसा. आधार आनलं काय?"

मी बसलो. त्यांनी माझं नाव, नंबर, सगळं भराभर टाकलं. मी त्यांच्या आईची चौकशी केली. म्हणाले, "ऊसतोडीले गेली." एवढंच. मग अंगठ्याचं यंत्र माझ्याकडे सरकवलं. मी अंगठा ठेवला. यंत्रानं घेतला नाही. लेथवाल्याच्या अंगठ्याच्या रेघा तेलानं आणि किसानं कधीच झिजलेल्या असतात. कापडानं पुसून ठेवला. नाही. दुसरं बोट ठेवलं. नाही. मागची माणसं चुळबुळ करायला लागली, एक बाई कागद पुढं सरकवत होती. शेवटी सरांनी माझा अंगठा आपल्या हातात घेतला, काचेवर ठेवला आणि वरून स्वतः दाबून धरला.

त्यांचा हात माझ्या हातावर होता, आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"सर," मी म्हटलं, "थे रॉड पोरांनी नव्हते रंगवले. मीच रंगवत होतो."

ते पडद्याकडेच बघत होते.

"माहीत हाय काका," ते म्हणाले. "पोरं एवढं सफाईनं रंगवत नाईत. अंगठा हलवू नका."

मी अंगठा हलवला नाही. थोड्या वेळानं यंत्रावरचा दिवा हिरवा झाला. सरांनी कागद छापून माझ्या हातात दिला आणि त्या बाईचे कागद घ्यायला हात पुढं केला.